फेरेटच्या पिल्लाची चावण्याची सवय कशी मोडावी? मदत हवी आहे

आम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये राहतो आणि नुकतीच फेरेटची (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) साधारण नऊ आठवड्यांची दोन पिल्ले घरी आणली आहेत. मादी हातात शांत राहते. नर मात्र खेळता खेळता रक्त येईल इतक्या जोराने बोट धरतो आणि हात झटकला की त्याला तो खेळच वाटून आणखी जोराने चावतो. मानेमागची सैल कातडी धरून उचलल्यास तो जांभई देत निवांत होतो, परंतु खाली ठेवताच पुन्हा तेच सुरू होते.

बोटाला सॅमन माशाचे तेल लावून चाटू द्यावे, असे काहीजण सुचवतात. त्याने चावणे खरोखर कमी होते, की बोट म्हणजेच खाऊ असा त्याचा समज पक्का होतो? चावल्याबरोबर पिंजऱ्यात टाकणे मला पटत नाही, कारण त्याला हातातून सुटायचेच असेल तर ते बक्षीस ठरेल. घरात सहा वर्षांची मुलगी असल्यामुळे तिच्या हाती पिल्लू केव्हा द्यावे, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.