मुलीकडे कायमचे ऑस्ट्रेलियाला जाण्याची वेळ आली, पण फोंड्याचे घर अजून विकलेले नाही

प्रश्न: निवृत्त शिक्षक, फोंडा तालुका

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो असून पत्नीसह फोंडा तालुक्यातील वडिलोपार्जित घरात राहतो. मुलगा पुण्याला असतो आणि मुलगी बऱ्याच वर्षांपासून मेलबर्नला स्थायिक आहे. तिने २०१८ साली आमच्यासाठी १४३ क्रमांकाच्या, म्हणजे कॉन्ट्रिब्युटरी पॅरेंट व्हिसाचा अर्ज भरला होता. निदान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात असावीत ही त्या व्हिसाची अट आमच्या बाबतीत जेमतेम पुरी होते. मधली वर्षे काहीच हालचाल नव्हती आणि आम्हीही तो विषय बाजूला ठेवला होता. आता मात्र वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, मुलीने द्यायची हमी आणि शुल्काचा दुसरा हप्ता यांची मागणी आली आहे. हा हप्ता माणशी ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, म्हणजे आम्हा दोघांचे मिळून अर्ध्या कोटी रुपयांच्या आसपास.

ही रक्कम घराच्या विक्रीतून उभी करायची असे आम्ही धरून चाललो होतो. घर कौलारू आहे, मागे नारळ-सुपारीचे लहानसे कुळागर आहे आणि रस्त्यापलीकडे भाताचे एक शेत आहे. गिऱ्हाईके येतात, घर पाहून खूश होतात, परंतु एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद, वाचला की त्यांचे बोलणे थंडावते, कारण त्यावर माझ्याबरोबर दोन्ही भावांची नावे आहेत. आमची वाटणी तोंडी झाली आणि ती आजवर सर्वांनी पाळली, पण कागदावर कधीच उतरली नाही. थोरले बंधू आता हयात नाहीत; वहिनी आणि पुतणे मडगावला असतात व त्यांच्याशी संबंध उत्तम आहेत. कुळागराच्या एका कोपऱ्यात आमच्या जुन्या मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याचे, घर आहे, त्यांच्याशीही काही तंटा नाही.

मुलगी म्हणते की घर विकले जाईल तेव्हा जाईल, तुम्ही आधी या. पत्नीला घर कुलूप लावून सोडणे पटत नाही आणि घाईने पडेल त्या किमतीला विकणेही पटत नाही. तिचा आणखी एक प्रश्न मला उत्तर न देता येणारा आहे: चवथीचा गणपती याच घरात बसतो, तो पुढे कोठे बसायचा? अशा स्थितीतून गेलेल्यांनी किंवा या बाबी जाणणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: दिवाणी वकील, पणजी

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. व्हिसाची मुदत ऑस्ट्रेलियाचे खाते ठरवणार आणि घराचा हक्क स्वच्छ होण्याची मुदत गोव्यातील कार्यालये ठरवणार. या दोन्ही मुदती एकमेकींना जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये. माझे स्पष्ट मत आहे की व्हिसाचे पैसे मुलीने तेथून भरावेत किंवा आपल्या ठेवींतून भरावेत, आणि जाण्यापूर्वीचा सगळा वेळ आपण विक्रीऐवजी कागदपत्रांना द्यावा. कागद नीट झाल्यावर घर आपण तेथे असतानाही विकता येते, आणि कागद अर्धवट असताना आपण येथे दहा वर्षे बसलात तरी शहाणा गिऱ्हाईक पैसे मोजणार नाही.

गोव्यात दायाद हक्काचा आणि विवाहानंतरच्या मालमत्तेचा कायदा उर्वरित देशापेक्षा वेगळा आहे, हे आपण जाणताच. विवाहाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि वडिलोपार्जित हिश्शातही पत्नीचा निम्मा वाटा येतो. म्हणून उताऱ्यावर तीन भावांची नावे दिसत असली तरी विक्रीखतावर आपल्या पत्नीची, धाकट्या बंधूंच्या पत्नीची आणि थोरल्या बंधूंच्या पश्चात वहिनी व सर्व पुतण्यांची सही लागणार. पुतणे विवाहित असतील तर त्यांच्या पत्नीही त्यात येतात. बाहेरगावचे गिऱ्हाईक नेमके येथेच बिचकते.

क्रम असा ठेवावा. थोरल्या बंधूंचे वारस निश्चित करणारा दस्त, ज्याला आपल्याकडे अजूनही हबिलितासांव म्हणतात, तो विशेष नोटरीकडे, म्हणजे उपनिबंधकांच्या कार्यालयात करून घ्यावा. २०१२ चा गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा २०१६ पासून अमलात आहे आणि हा दस्त त्यानुसार होतो. सर्व वारस सज्ञान व एकमताचे असतील तर त्यानंतर वाटणीपत्र नोंदवून घेता येते. एकानेही हरकत घेतली तर मात्र दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कार्यवाही, दाखल करावी लागते, आणि तिला वर्षे लागू शकतात. आज संबंध उत्तम आहेत असे आपण लिहिले आहे. हीच वेळ आहे. पुढच्या पिढीत हिस्सेदार वाढतात आणि त्यांतील निम्मे परदेशी असतात. वाटणीपत्रानंतर म्युटेशन, म्हणजे फेरफार नोंद, आणि सर्व्हे क्रमांकाची फोड करून उतारा केवळ आपल्या आणि पत्नीच्या नावावर आणावा.

मुंडकाराच्या बाबतीत तंटा नाही हे आपले भाग्य. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला राहते घर व भोवतालची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क आहे. तो हक्क मामलेदारांसमोर आपणच पुढाकार घेऊन पूर्ण करून द्यावा. त्यालाही न्याय मिळेल आणि उरलेल्या जागेवरचा प्रश्नही मिटेल. भाताच्या शेताचा सौदा मात्र घरासोबत बांधू नये, कारण २०२३ च्या कायद्याने असे शेत शेतकऱ्याखेरीज इतरांना विकण्यावर निर्बंध आले आहेत. ते गावातल्याच कोणा शेतकऱ्याला वेगळे द्यावे.

आता कुलपाविषयी. गोव्यात मालक परदेशी असलेल्या किंवा हयात नसलेल्या मालमत्ता खोट्या दस्तांनी बळकावण्याचे प्रकार इतके वाढले की २०२२ साली सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्तींचा एकसदस्यीय आयोगही बसला. आपल्याला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. घरपट्टी आणि विजेचे बिल नियमित भरणे, उतारा भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर अधूनमधून पाहत राहणे, आणि घरात कोणाला ठेवायचे असल्यास मुदतीचा लेखी करार केल्याशिवाय न ठेवणे, एवढे निष्ठेने केले तरी बराचसा धोका टळतो.

उत्तर: गोमंतकीय कन्या, सिडनी

मी माझ्या आईवडिलांना याच व्हिसावर येथे आणले आणि तेव्हा आमचे डिचोली तालुक्यातील घर विकलेले नव्हते. आपल्या मुलीचे म्हणणे मला पटते, पण ‘आधी या’ याचा अर्थ ‘आधी कायमचे या’ असा घेण्याची गरज नाही.

व्हिसा मंजूर झाल्यावर पत्रात एक तारीख असते आणि तिच्याआधी दोघांनी एकदा ऑस्ट्रेलियात प्रवेश करावा लागतो. ही तारीख सामान्यतः वैद्यकीय तपासणीच्या व पोलीस दाखल्याच्या तारखांशी जोडलेली असते. एकदा प्रवेश झाला की मंजुरीच्या दिवसापासून पाच वर्षांपर्यंत हवे तसे येता-जाता येते. पाच वर्षांनंतर प्रवासासाठी रेसिडेंट रिटर्न व्हिसा घ्यावा लागतो आणि त्याच्या पाच वर्षांच्या परवान्याला मागच्या पाचांपैकी दोन वर्षे येथे राहिलेले असणे आवश्यक असते. म्हणजे घराचे काम पुरे करायला आपल्या हाती तीन वर्षांच्या आसपासचा अवधी राहतो. माझे आईवडील नाताळात येऊन नातवंडांसोबत काही आठवडे राहिले, परत गेले, आणि वाटणीचे दस्त उरकल्यावर सामान घेऊन आले. त्या मधल्या काळात त्यांची चिडचिड कमी झाली, कारण आपण हाकलले जात आहोत ही भावना त्यांच्या मनातून गेली.

पैशांबद्दल एक गोष्ट आपल्या मुलीशी मोकळेपणाने बोलून घ्यावी. दुसऱ्या हप्त्याखेरीज हमीसाठी दोघांचे मिळून १४,००० डॉलर बँकेत अनामत ठेवावे लागतात आणि ते दहा वर्षे अडकतात. येथील वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतनही साधारणतः दहा वर्षांच्या वास्तव्यानंतरच मिळू शकते. मेडिकेअर, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवा, मात्र कायम रहिवासी म्हणून लगेच लागू होते, आणि माझ्या वडिलांच्या मधुमेहाच्या दृष्टीने तो फार मोठा आधार ठरला. आपले शिक्षकाचे निवृत्तिवेतन चालूच राहील. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला वेळेवर पोहोचेल अशी व्यवस्था निघण्यापूर्वी निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयात विचारून ठेवावी. आईवडिलांच्या हातात स्वतःचा पैसा असणे किती महत्त्वाचे असते, हे मी घरात पाहिले आहे. दुधापासून बसच्या तिकिटापर्यंत मुलीकडे हात पसरावा लागला तर मायेच्या घरातही माणूस पाहुणा होतो.

काकूंच्या प्रश्नाचे उत्तर कायदा देणार नाही. आमच्याकडे गणपती काकांच्या घरी नेण्याचे ठरले, आणि ते आईवडील येथे असताना फोनवरून ठरले नाही. चवथीला सगळे बिऱ्हाड जमलेले असताना, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मंडपीखाली, बसून ठरले. ज्यांनी पुढे पूजा चालवायची त्यांनी ती आपण होऊन मागितली, म्हणून आईला ते सोडून देणे वाटले नाही. आपल्याकडे धाकटे बंधू आणि पुतणे आहेत. शक्य असल्यास येती चवथ याच घरात करून ती बोलणी तेव्हाच करावीत.

उत्तर: करसल्लागार, मडगाव

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. कराच्या दृष्टीने निघण्याच्या आणि विक्रीच्या तारखांना फार महत्त्व आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आयकरासाठी आपण भारताचे निवासी आहात की नाही, हे प्रत्येक आर्थिक वर्षात मोजले जाते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला १८२ दिवसांची सवलत आहे, पण मुलांकडे राहायला जाणाऱ्या निवृत्त माणसाला ती नाही. आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात राहिलेली व्यक्ती त्या वर्षी ६० दिवस जरी येथे असली तरी ती निवासीच गणली जाते. एरवी ही अट जाचक वाटते, आपल्याला मात्र ती उपयोगी आहे: जून महिन्यात किंवा त्यानंतर निघालात तर त्या आर्थिक वर्षापुरते आपण निवासीच राहता, आणि ३१ मार्चपूर्वी झालेल्या विक्रीवर निवासी म्हणून कर लागतो.

फरक असा की २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे मूळ किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सोय, न देता १२.५ टक्के कर आहे, पण त्या तारखेआधी मिळवलेल्या घर-जमिनीसाठी निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्के, हिशेब करून कमी येईल तो कर भरण्याची मुभा आहे. अनिवासी व्यक्तीला ती नाही. शिवाय निवासी विक्रेत्याकडून गिऱ्हाईक ५० लाख व त्यावरील सौद्यात १ टक्का कापतो, तर अनिवासी विक्रेत्याकडून, कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवला नसेल तर, पूर्ण किमतीवर १२.५ टक्के, अधिक अधिभार व उपकर, कापला जाण्याची वेळ येते. हा दाखला मिळवण्याचे काम सौद्याच्या आधी सुरू करावे.

वकील महोदयांनी सांगितलेल्या एकत्र मालमत्तेच्या तत्त्वाची आयकर कायद्यातही दखल आहे. हा नफा पतिपत्नीत निम्मा-निम्मा विभागून दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवायचा असतो. म्हणून करकपात दोघांच्या पॅनवर होते आहे, हे गिऱ्हाईकाकडून करून घ्यावे.

ऑस्ट्रेलियाच्या बाजूने एकच काम, परंतु ते न विसरता करावे. आपण तेथे कायमच्या वास्तव्याला सुरुवात करता त्या दिवशीची या घराची बाजारभावाची किंमत ही तेथील करासाठी मूळ किंमत धरली जाते. म्हणून त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल नोंदणीकृत मूल्यांककाकडून घेऊन ठेवावा. येथील हिशेबासाठी १ एप्रिल २००१ च्या मूल्यांकनाचा अहवाल लागेलच, तेव्हा दोन्हींची बोलणी एकाच मूल्यांककाशी करता येतील.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मन भरून आले. काल वहिनींना दूरध्वनी केला. हबिलितासांवसाठी थोरल्या बंधूंचा मृत्यूचा दाखला आणि विवाहाची नोंद त्या काढून ठेवत आहेत. पत्नीने चवथीला सगळ्यांना येथेच बोलवायचे ठरवले आहे. एक शंका राहिली: आम्ही गेल्यावर सौदा ठरला, तर कुलमुखत्यारपत्र तेथून पाठवावे की येथूनच करून जावे?

दिवाणी वकील, पणजी

येथूनच करून जावे, आणि आपण व पत्नी दोघांनीही करावे, कारण एकट्याच्या मुखत्यारपत्रावर विक्रीखत होणार नाही. ते उपनिबंधकांसमोर करून घ्यावे आणि त्यात फक्त या सर्व्हे क्रमांकाचा, घराचा आणि विक्रीखतावर सही करण्याचा अधिकार लिहावा. किंमत आपल्या लेखी संमतीखेरीज ठरणार नाही आणि पैसा थेट आपल्या दोघांच्या खात्यात जमा होईल, असे स्पष्ट शब्दांत घालावे. आपला मुलगा पुण्याला आहे, त्याला दस्ताच्या दिवशी येणे शक्य असेल तर त्याच्याच नावे करावे. बँकेला परदेशी वास्तव्याची कल्पना देऊन खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे येथील खाते, करून घेतल्यावर नवा खाते क्रमांक मिळाला, तर तो मुलाला आणि मला कळवावा, म्हणजे विक्रीखताच्या मसुद्यात तोच जाईल.