लोटे एमआयडीसी: युनियनची बोलणी सुरू केली आणि लगेच ट्रान्सफर लेटर, आता सोमवारी सगळ्यांनी रजा टाकावी का?

खाडीपट्टा_खेड
नमस्कार मंडळी, लोट्याला एका केमिकल युनिटमध्ये ऑपरेटर आहे, ९ वर्षं झाली. आम्ही कायम कामगार १४०, ठेकेदाराची पोरं वेगळी. गणपतीत गावच्या देवळात दहा-बाराजण बसलो आणि ठरवलं की युनियन करायची, कारण ओव्हरटाइम डबल द्यायचा असताना सिंगलच मिळतो आणि विचारायला गेलं की गेट दाखवतात. कुणी आत सांगितलं माहीत नाही पण पंधरा दिवसांत दोघांच्या हातात गुजरातच्या डेपोचं ट्रान्सफर लेटर, एचआरवाले एकेकाला केबिनमध्ये बोलावून "घर कसं चालवणार" विचारतायत, आणि वर अचानक दीड हजार पगारवाढ जाहीर केली, जी चार वर्षं मागून मिळाली नव्हती. अर्धी पोरं त्यातच गप झाली. उरलेले म्हणतायत सोमवारी सगळ्यांनी एकदम सिक लीव्ह टाकू, संप म्हणायचंच नाही. बाबा लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत. ते म्हणतात युनियनचं नाव या घरात काढू नको. रात्रभर झोप नाही, काय करू?

चिपळूणकर_दादा
सोमवारची रजा आधी रद्द करा, बाकी सगळं नंतर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, त्यात ५० टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा घेतली की तो संपच धरतात. तुम्ही सिक म्हणा नाहीतर काही म्हणा, ठरवून टाकलीत हे ते दाखवणारच. संपाला आधी लेखी नोटीस लागते आणि नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबावं लागतं, नाहीतर संप बेकायदा, मग १ हजार ते १० हजार दंड नाहीतर महिनाभर कैद. म्हणजे मालकाला जे हवंय ते तुम्ही स्वतःच नेऊन देणार.

आता पगारवाढीचं. युनियन उभी राहत असताना ती मोडायला ऐन वेळी पगार वाढवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, आपल्या १९७१ च्या राज्य कायद्याच्या (युनियन मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा) परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय आणि नव्या संहितेतही आहे. युनियनमध्ये गेलास तर काढून टाकू ही धमकी, मालकाने स्वतःचीच एक युनियन उभी करणं, आकसाने केलेली बदली, हे सगळं त्यात येतं. वाढ घ्या, ते तुमचेच पैसे आहेत, पण कुठल्या तारखेला जाहीर झाली, नोटीस बोर्डाचा फोटो, केबिनमध्ये कोण काय बोललं, सगळं त्याच दिवशी वहीत लिहा.

मिरकरवाडा_ताई
मी रत्नागिरीला मासळीच्या कंपनीत कोळंबी सोलायला होते, ठेकेदाराकडून. आम्ही बायकांनी फक्त पीएफ कुठे जातो एवढंच विचारलं तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर सही मागितली, पाचजणींनी केली आणि नंतर तोच कागद राजीनामा म्हणून बाहेर आला. भावा, सही करू नको, कितीही गोड बोलले तरी नाही. आणि ठेकेदाराच्या पोरांना सोडून युनियन करू नका हो, तुम्ही आत भांडाल तेव्हा तुमच्या मशीनवर त्यांनाच उभं करतील.

परळ_ते_संगमेश्वर
माझे वडीलही त्याच संपातले, म्हणून तुझ्या बाबांबद्दल लिहितो. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आपल्या कोकणातलं घर नाही ज्यातला कुणी त्यात नव्हता. पण तेव्हा जुन्या बीआयआर, म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात मान्यता एकाच युनियनला असायची आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती, कामगार होते संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. म्हणजे माणसं एकीकडे आणि कागद दुसरीकडे, बोलणीच व्हायला तयार नाहीत. बाबांना हे सांग, की आम्ही आधी कागद करतोय. आणि रविवारची सुट्टी पण मागितल्याशिवाय नाही मिळाली, नारायण मेघाजी लोखंडेंनी १८८४ ला गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा, अर्ज सगळं केलं तेव्हा १८९० ला मिळाली.

चिपळूणकर_दादा
परळवाले बरोबर बोलले. युनियनच्या नोंदणीला १० टक्के कामगार किंवा १०० यातला कमी आकडा, म्हणजे तुमचे १४ जण पुरे. पण एकाहून जास्त युनियन झाल्या तर एकट्याने बोलणी करायचा हक्क ५१ टक्क्यांवर मिळतो म्हणजे ७२ सभासद. प्रत्येकाची वर्गणी पावती फाडून घ्या.

खाडीपट्टा_खेड
सोमवारचं रद्द केलं, ग्रुपवर टाकलं, दोनचार जण चिडले. बाबांना परळवाल्या दादांचं वाचून दाखवलं, काही बोलले नाहीत, फक्त विचारलं पावती पुस्तक कुणाकडे ठेवणार. त्या दोन पोरांचं काय, शुक्रवारी त्यांना रिलीव्ह करणार आहेत.

चिपळूणकर_दादा
घरी बसू नका म्हणावं, गैरहजेरीची चार्जशीट लावतील. बदली आकसाची आहे असं लेखी पत्र आजच स्पीड पोस्टने कंपनीला, पोच जपून ठेवा, आणि शुक्रवारच्या आत कामगार वकील गाठून औद्योगिक न्यायालयात स्थगिती मागा. तक्रारीला ९० दिवस असतात पण स्थगिती हवी तर तेवढं थांबून चालत नाही. स्थगिती नाही मिळाली तर निषेध नोंदवून हजर व्हायचं, केस तशीच चालू राहते. लेटरचा फोटो नाव झाकून इथे टाक, कुठल्या कलमाखाली बदली दाखवलीय ते बघतो.