‘विलोपन’ की ‘विझणं’? एका शब्दापाशी अडलंय

कर्वेरोडकर: बहिणीच्या मानसशास्त्राच्या नोट्स मराठीत करून देतोय. क्लासिकल कंडिशनिंग, म्हणजे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा कुत्र्यांवरचा प्रयोग: खाण्याआधी दरवेळी एक आवाज केला की पुढे नुसत्या आवाजालाच लाळ सुटते. त्याला अभिजात अभिसंधान, पुस्तकात तेच आहे. अडलंय एक्स्टिंक्शनपाशी. आवाज होतो पण खाणं येत नाही, असं बरेचदा झालं की कुत्र्याची लाळ हळूहळू थांबते, त्याला सगळे विलोपन म्हणतात. पण मध्ये थोडा काळ जाऊ दिला आणि परत आवाज केला की लाळ येते, आधीपेक्षा कमी, पण येते. लोप पावलेलं परत आलं कुठून?

निंबोणी: बरोबर शंका. आमच्या पुण्यातल्या शनिवार पेठेतल्या वाड्यात आजी साय काढली की चमचा पातेल्याच्या काठावर दोनदा आपटायची, त्या आवाजाला मांजर असेल तिथून पळत यायचं. पुढे सगळी साय विरजणाला जायला लागली, मांजराला मिळेना, चमचा मात्र रोज वाजायचा, तर आठ-दहा दिवसांत ते उठेनासं झालं. मग आम्ही महिनाभर वाईला जाऊन आलो आणि पहिल्याच दिवशी चमचा वाजल्यावर हे दारात हजर! म्हणून मी ‘विझणं’ म्हणेन, राखेखाली निखारा असतोच.

शास्त्रीकाका: विलोपनावर राग नको. पाणिनीचं सूत्रच आहे, अदर्शनं लोपः. लोप म्हणजे दिसेनासं होणं, नष्ट होणं नव्हे. आणि अभिसंधानातलं संधान शरसंधानातलंच, बाण दोरीला जोडतात तसा आवाज खाण्याला जोडायचा.

चहाबिस्किट: काका, विलोपन म्हटलं की त्या पोरीला फाइल डिलीट झालेलीच आठवणार. एक्स्टिंक्शनच लिहा, सायकलला सायकल म्हणतोच ना. आणि सगळे घंटा घंटा करतात, पाव्हलॉव्ह मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत ताल देणारं यंत्रसुद्धा वापरायचा, १९०४ चं नोबेल तर त्याला पचनाच्या कामावर मिळालं.

शास्त्रीकाका: मग जनरलायझेशन, डिस्क्रिमिनेशन हे या विषयातले बाकीचे शब्दही तसेच लिहा. मराठीची म्हणून क्रियापदं तेवढी उरतील.

निंबोणी: काका, क्रियापदातच उत्तर आहे की! उठेनासं, येईनासं, खाईनासं. करायचं थांबलंय, पण विसरलंय असं कुठे म्हटलंय? अगदी हेच तर होतं.

कर्वेरोडकर: ताई पटलं, पण व्याख्येला नाम लागतं हो.

निंबोणी: येईनासेपणा?

शास्त्रीकाका: असला शब्द पोरांना देऊ नका. दिसेनासं म्हणजेच लोप, फिरून माझ्याकडेच आलात.

चहाबिस्किट: निंबोणी, वाडा नेमका कुठे? ओंकारेश्वराजवळ आमचंही बिऱ्हाड होतं, तिथे एक पिवळं मांजर यायचं, शेपटी अर्धी तुटलेली.

निंबोणी: अर्धीच! डाव्या कानाला चीर होती का?