मदत हवी आहे: १ टीबी एसएसडी घ्यायची आहे, टीएलसी की क्यूएलसी? टीबीडब्ल्यूचा आकडा कसा वाचायचा?

नमस्कार. लॅपटॉपमधली २५६ जीबीची साटा (जोडणीचा जुना प्रकार) एसएसडी भरत आली आहे, तिच्या जागी १ टीबीची घ्यायची आहे. आठ दिवस वाचतोय, पण एका जागी गाडी अडली आहे.

वापर असा: रोजचं ऑफिसचं काम आणि सोबत व्हिडिओ एडिटिंग. आठवड्यातून दोनदा साधारण ६० जीबी फुटेज उतरवतो आणि काम झालं की पुसतो. दोन वर्षांपूर्वी एक हार्ड डिस्क काही कळायच्या आत गेली. मुलीच्या पहिल्या वर्षाचे फोटो तिच्यात होते, ते परत मिळाले नाहीत. त्यामुळे टिकाऊपणाचा विचार मला टाळता येत नाही.

आतापर्यंत कळलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीच्या सेलमध्ये विद्युतभार साठवतात आणि तो किती आहे त्यावरून आत काय लिहिलंय ते ओळखतात. एसएलसीत एका सेलमध्ये १ बिट, म्हणजे २ पातळ्या ओळखायच्या. एमएलसीत २ बिट आणि ४ पातळ्या, टीएलसीत ३ बिट आणि ८, क्यूएलसीत ४ बिट आणि तब्बल १६. पुसून पुन्हा लिहिताना दर वेळी सेलमधला इन्सुलेटरचा पातळ थर थोडा झिजतो आणि पातळ्या सरकू लागतात. दोनच पातळ्या असतील तर थोडं सरकलेलं चालून जातं, सोळा दाटीवाटीने बसवल्या की चालत नाही. म्हणून टीएलसी साधारण १,००० ते ३,००० वेळा पुसून लिहिता येते, तर क्यूएलसी काही शे ते १,००० वेळा.

आता अडलंय ते इथे. सॅमसंग ८७० क्यूव्हीओ १ टीबी ही क्यूएलसी, तिचा टीबीडब्ल्यू (किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा) ३६०. ८७० इव्हो १ टीबी ही टीएलसी, तिचा ६००. हे पटलं. पण क्रुशियल एमएक्स५०० १ टीबी हीसुद्धा टीएलसी आणि तिचाही आकडा ३६०च! मग क्यूएलसी टीएलसीइतकीच टिकते असं समजायचं का? शिवाय काही ठिकाणी '३-बिट एमएलसी' असं लिहिलेलं दिसलं, ते काय प्रकरण आहे? आणि ३६० टीबी लिहून झाले की ड्राइव्ह बंद पडते का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही, बंद पडत नाही. टीबीडब्ल्यू ही वॉरंटीची मर्यादा आहे. ठरलेली वर्षं किंवा ठरलेलं लेखन, जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. कुठे रेघ ओढायची हे कंपनी स्वतः ठरवते, म्हणून दोन टीएलसी ड्राइव्हचे आकडे इतके वेगळे दिसतात. तुम्ही दिलेल्या तिघींत वर्षंही बघा: क्यूव्हीओला ३, इव्हो आणि एमएक्स५००ला ५.

'३-बिट एमएलसी' म्हणजे टीएलसीच. अक्षरशः घेतलं तर एमएलसी म्हणजे अनेक पातळ्यांचा सेल, त्यामुळे नाव चूक नाही, पण ग्राहक फसू शकतो. बिटांची संख्या वाचा, नाव सोडा.

तुम्ही नेमकं किती लिहिता हे अंदाजाने ठरवू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, त्यात 'टोटल होस्ट राइट्स' म्हणजे आजवरचं एकूण लेखन दिसेल. तो आकडा इथे टाका.

प्रतिसाद

एक छोटी गोष्ट. ऑर्डर करण्याआधी लॅपटॉपमधली जागा बघा. एम.२ (छोट्या पट्टीसारखी ड्राइव्ह) हा फक्त आकार आहे, त्या आकारात साटाही येते आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमईही. मशीन कोणती घेतं ते मॅन्युअलमध्ये असतं.

धागाकर्ता

जागा अडीच इंची आहे, त्यामुळे साटाच. 'टोटल होस्ट राइट्स' १८,४०० जीबी आले, तीन वर्षांत. म्हणजे वर्षाला जेमतेम ६ टीबी. फुटेज आतापर्यंत बाहेरच्या डिस्कवर ठेवायचो, ते आता यावर आलं तर १२० जीबी गुणिले ५२, आणखी ६ टीबीच्या वर. वर्षाला १२ धरले तरी ३६०ला पोचायला ३० वर्षं लागतील. मग मी इतके दिवस काळजी कशाची करत होतो? क्यूएलसी घेऊन टाकू का?

प्रतिसाद (वर टीबीडब्ल्यूबद्दल लिहिणारा मीच)

थांबा. झिजण्याची भीती गेली हे बरं झालं, पण तुमच्या कामात क्यूएलसी दुसरीकडे नडेल. या ड्राइव्ह काही सेल तात्पुरते एसएलसीसारखे वापरतात आणि डेटा आधी तिथे वेगाने घेतात. क्यूव्हीओ १ टीबीमध्ये ही जागा ४२ जीबी आहे. तोवर वेग ५३० एमबी प्रति सेकंद, ती भरली की ८०. तुमच्या ६० जीबीतले शेवटचे १८ जीबीच जवळपास चार मिनिटं खातील. त्या ४२पैकी कायमची जागा फक्त ६ जीबी, बाकीची ३६ मोकळ्या सेलमधून उसनी घेतलेली. ड्राइव्ह गच्च भरलेली असेल तेव्हा ६० जीबी उतरवायला ११ मिनिटांच्या वर लागतील. हे आठवड्यातून दोनदा. टीएलसीतही अशी तात्पुरती जागा, म्हणजे कॅशे, असतो, पण तो संपल्यावर वेग असा कोसळत नाही. तुम्ही टीएलसीच घ्या आणि १५-२० टक्के जागा रिकामी ठेवा.

ज्यांना एकदा भरून नुसतं वाचायचं आहे, गेम किंवा सिनेमे, त्यांना क्यूएलसी खुशाल चालेल.

आणि मुलीच्या फोटोंबद्दल. एसएसडी अचानक जाते तेव्हा बऱ्याचदा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) किंवा फर्मवेअर (त्या चिपमधलं सॉफ्टवेअर) गेलेलं असतं, सेल धडधाकट असतात. त्यापुढे एसएलसीही वाचवत नाही. शिवाय एसएसडी कपाटात ठेवून देऊ नका, वीज नसताना भार हळूहळू गळतो. जेईडीईसी या मेमरी उद्योगाच्या मानक संस्थेच्या मानकात घरगुती ड्राइव्हकडून अपेक्षा एवढीच आहे की ठरलेलं सगळं लेखन संपल्यावर ३० अंश सेल्सियसला विजेविना १ वर्ष डेटा टिकावा. नवी ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त टिकवते, पण फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर नको.

धागाकर्ता

मनापासून आभार. टीएलसी, १ टीबी, ५ वर्षं वॉरंटीवाली घेतो. पण त्याआधी या आठवड्यात बाहेरची हार्ड डिस्क घेतोय आणि फोटोंची दुसरी प्रत बहिणीच्या घरी ठेवतोय. जुनी २५६ जीबी नीट चालू आहे, 'हेल्थ' ९१ टक्के दाखवते. तिला यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून फुटेज ने-आण करायला वापरली तर ट्रिम (पुसलेली जागा ड्राइव्हला कळवणारी आज्ञा) चालू राहतं का? कुणी वापरत असेल तर सांगा.