मदत हवी आहे: २०० चं कूपन लागेना, आज रात्री १२ ला मुदत संपते

अनगोळकर | रात्री ८.१०
बेळगावात राहतो, दुपारपासून डोकं फिरलंय. किराण्याच्या अ‍ॅपवर २०० रुपये सवलतीचं कूपन आलंय. १५०० च्या वर सामान घेतलं की लागतं म्हणे. माझं सामान झालंय १७१२ चं. कूपन दाबलं की लाल अक्षरात काहीतरी येतं आणि रक्कम आहे तिथंच. चार वेळा करून बघितलं. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

टिळकवाडी_दुसरा_गेट | ८.१६
कोणतं अ‍ॅप? लाल अक्षरात काय येतं? सामानात काय काय आहे?

अनगोळकर | ८.१९
अ‍ॅपचं नाव नको, मागं नाव घेतलं तर धागाच उडवला होता. सामान नेहमीचंच, महिन्याचं. लाल अक्षरं कन्नडात आहेत.

रिस्टार्ट_मास्टर | ८.२१
अ‍ॅप काढून टाका, फोन बंद करून चालू करा, परत अ‍ॅप घ्या. दहात नऊ वेळा होतं.

अनगोळकर | ८.३४
केलं. आता ओटीपी मागतंय. ओटीपी येतो त्या नंबरचा फोन घेऊन बायको वडगावला हळदीकुंकवाला गेलीय. उपकार झाले तुमचे.

पेठेतला_गिऱ्हाईक | ८.४०
अहो, महिन्याचं सामान अ‍ॅपवरून कशाला भरता? रविवार पेठेत जावा. आम्ही तिघी जावा मिळून महिन्याला एकदा जातो. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ पोत्यातनं हातात घेऊन बघायचं, एक शेंगदाणा दाताखाली फोडायचा, खवट निघाला तर पुढच्या दुकानात. अ‍ॅपवर फोडून बघता येतं का शेंगदाणा? तिघींचं मिळून घेतलं की भावही वेगळा लागतो. आणि जायला-यायला कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट आहे, याच्यापेक्षा मोठं कूपन कुठलं?

टिळकवाडी_दुसरा_गेट | ८.४४
ताई, बस तुम्हाला फुकट. धागा काढणारा पुरुष आहे, त्याला तिकीट पडणार, वर पाच किलोची पिशवी धरून उभं राहणार.

पेठेतला_गिऱ्हाईक | ८.४६
मग बायकोला पाठवा की.

अनगोळकर | ८.४७
बायको वडगावला आहे ओ!!

चंदगडी_पाव्हणा | ८.५५
मी सांगतो. ही सगळी पिनकोडची भानगड. बेळगावचा ५९०००१ टाकला की काही सवलती दिसत नाहीत, महाराष्ट्रातला पत्ता टाकला की दिसतात, माझा स्वतःचा अनुभव आहे. हद्दीपलीकडं शिनोळीत ओळखीचं घर असेल तर तिथला पत्ता टाका आणि जाऊन घेऊन या.

टिळकवाडी_दुसरा_गेट | ८.५९
२०० रुपयांसाठी शिनोळीला जाऊन यायचं? पेट्रोल कुणाच्या खिशातलं? आणि पिनची अडचण असती तर कूपन दिसलंच नसतं. इथं दिसतंय, लागत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चंदगडी_पाव्हणा | ९.०२
अनुभव नसला की माणूस असंच बोलतो.

हिशेबनीस | ९.१०
मुळात सूट म्हणजे काय ते बघा आधी. अ‍ॅप छापील किमतीवरून सूट मोजतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीला काट मारून 'इतके टक्के कमी' दाखवत असतील, तर त्यातला काही भाग कराचाच आहे, त्यांनी पदरचं काय दिलं? दुसरं, १५०० ची अट बहुतेक ठिकाणी सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेला असते. तुमचे १७१२ हे आधीचे की नंतरचे?

अनगोळकर | ९.२१
नंतरचे. बायको आली, ओटीपी मिळाला, सामान होतं तसं शाबूत आहे. आणि थोरल्या लेकीला लाल अक्षरं वाचायला लावली, तिला शाळेत कन्नड आहे. 'केलवु वस्तुगळिगे अन्वयिसुवुदिल्ल.' म्हणजे काही वस्तूंना लागू नाही.

टिळकवाडी_दुसरा_गेट | ९.२३
हेच तर सव्वा तासापूर्वी विचारलं! कुठल्या वस्तू? यादी टाका की आता.

अनगोळकर | ९.३०
तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, पोहे, अंगाचा साबण, शाम्पू आणि बाळाच्या दूध पावडरचे दोन डबे, ३९५ चा एक. यात काय वावगं आहे? दारू-सिगरेट तर नाही ना.

काउंटरवरचा | ९.३६
डबेच आहेत कारण. मी शहापुरात औषधाच्या दुकानात काउंटरला असतो, आठवड्यातनं एकदा तरी कुणीतरी याच्यावरून भांडतं. बाळाचं पावडर दूध, दूध पाजायची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं डबाबंद खाणं यांच्या विक्रीसाठी आमिष दाखवायला कायद्यानं बंदी आहे. कायदा १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक केला. सूट नाही, फुकट नमुना नाही, भेटवस्तू नाही, जाहिरातसुद्धा नाही. डबा हातात घेऊन बघा, आईच्या दुधाबद्दलची सूचना मोठ्या अक्षरात छापलेली दिसेल, तीपण त्याच कायद्यानं. म्हणून अ‍ॅप हे डबे कूपनच्या हिशेबात धरत नाही. १७१२ मधून ७९० काढा, ९२२ राहतात. १५०० कुठनं होणार?

अनगोळकर | ९.४१
आयला. मग तसं मराठीत नाहीतर निदान सरळ लिहावं की, 'डबे काढा' म्हणून.

चंदगडी_पाव्हणा | ९.४५
काही कायदा-बियदा नाही. आमच्या गावात मेडिकलवाला डब्यावर पाच टक्के सोडतो.

काउंटरवरचा | ९.४८
सोडत असेल. लोक हेल्मेटशिवाय गाडीपण चालवतात. कायदा आहे म्हणालो, सगळे पाळतात असं कुठं म्हणालो?

मायेची_सावली | ९.५५
दादा, रागावू नका, पण पावडरचं दूध देऊच नये. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. आमच्या वेळी कुठे होते डबे? अळिवाची खीर, शतावरी कल्प, डिंकाचे लाडू...

अनगोळकर | १०.०१
मावशी, बाळ बहिणीचं आहे, ती बाळंतपणाला माहेरी आलीय. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून देतोय. अळिवाची खीर रोज चालूच आहे, आई ऐकते होय. मी फक्त कूपनचं विचारलंय.

पेठेतला_गिऱ्हाईक | १०.०४
अळीव पण पेठेत चांगला मिळतो बरं का.

हिशेबनीस | १०.१२
आता ५७८ चं सामान आणखी घातलं तर २०० सुटतील. पण जे लागत नाही ते ५७८ चं घेतलंत, तर खिशातनं ३७८ जादाच गेले. पुढच्या महिन्यात नक्की लागणारं, न नासणारं काही असेल तरच भरती करा. आणि पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर बारीक अक्षरात असतो, तो बघा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतंच असं नाही. २०२४ च्या जूनमध्ये नंदिनीनं दुधाच्या पिशवीत ५० मिली वाढवलं आणि २ रुपये वाढवले, तेव्हा अर्धं गाव 'भाव वाढला' आणि अर्धं गाव 'भाव वाढला नाही' म्हणून भांडत होतं. मिलीचा दर काढला असता तर पाच मिनिटांत मिटलं असतं.

टिळकवाडी_दुसरा_गेट | १०.१५
नंदिनीचा विषय काढू नका, आता गोकुळवाले येतील.

निपाणीचा_गोकुळवाला | १०.१७
आलो. चहा गोकुळचाच होतो. नंदिनीचा चहा म्हणजे पाण्याला रंग.

अनगोळकर | १०.२८
मध्येच एकानं मला खासगी निरोप पाठवलाय, '५०० सवलतीचा कोड आहे, ४९ रुपये पाठवा, नाहीतर मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.' घेऊ का?

काउंटरवरचा | १०.२९
अजिबात नको! पैसे यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. आधीच काही गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे १९३०, तिथं लगेच फोन करा.

अनगोळकर | १०.३१
गेले नाहीत. ४९ ला अडलो होतो, जरा जास्त वाटले.

रिस्टार्ट_मास्टर | १०.३३
बघा, अ‍ॅप काढून परत घेतलं म्हणून ओटीपी आला, ओटीपी आला म्हणून पुढचं झालं. माझ्यामुळेच सुटलं.

अनगोळकर | ११.४२
झालं. डबे काढले. कपड्याची पावडर ४ किलो ४१५ ची आणि चहापूड अर्धा किलो २४० ची घातली, दोन्ही दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दुकानातनं घेतो तीच. १५७७ झाले, कूपन दाबलं, २०० गेले, १३७७ भरले. डबे उद्या सकाळी मेडिकलातनं, पूर्ण किमतीला. हिशेबनीस, काउंटरवाले, आभारी आहे. आता कोपऱ्यावरच्या दुकानदाराला या महिन्यात पावडर का नेली नाही ते सांगायचं कसं, हा वेगळा धागा काढावा लागेल.

पेठेतला_गिऱ्हाईक | ११.४५
खरं सांगा, शेंगदाणे कसे निघाले ते आल्यावर कळवा.

कॅम्पातला_नवा | ११.५१
छान माहिती. मलापण २०० चं कूपन पाहिजे. कोणतं अ‍ॅप?