जलपरीच्या शेपटीचा पर उभा ठेवू की आडवा?

सुईदोरा:
जलपरीचा कॉस्च्युम शिवतेय, नुसता फोटोपुरता नाही, घालून पोहता आलं पाहिजे. डिझाइनसाठी खऱ्या माशांचे फोटो बघत बसले तर लक्षात आलं की माशाचा शेपटीचा पर उभा असतो आणि कॉस्च्युममध्ये मात्र सगळे आडवाच लावतात. मला शक्य तितकं खऱ्या माशासारखं हवंय, मग उभा ठेवला तर चालेल का? आणि खवले सगळे एकाच मापाचे कापू का?

खोलपाणी:
उभा अजिबात नको. मासा अंग डावी-उजवीकडे वळवत पोहतो म्हणून त्याचा पर उभा. आपली कंबर आणि गुडघे पुढे-मागे वाकतात, पाण्यात पालथं झालं की तेच वर-खाली होतं, अगदी डॉल्फिनसारखं, तेही सस्तन प्राणीच ना, त्यांची शेपटी आडवीच असते. उभा पर लावून वर-खाली किक मारलीत तर तो पाणी नुसतं कापत जाईल, मागे ढकलणारच नाही. आत मोनोफिन (दोन्ही पाय एकत्र बसतात असा एकच रुंद पोहण्याचा पर) घाला, आणि पाय स्वतःचे स्वतः झटकन सुटतात का हे उथळ पाण्यात, कोणीतरी सोबत असताना आधी बघा, एकट्याने कधीच नको.

मत्स्यवेडी:
हालचाल डॉल्फिनची पण कातडी माशाची घ्या, तिथे भरपूर करता येतं! खवले कौलांसारखे एकावर एक, मोकळी कड शेपटीकडे, उलटे लावले तर पाणी अडतं. शेपटीकडे जाताना बहुतेक माशांचे खवले लहान होत जातात, म्हणून माप कमी करत न्या, तेवढ्यानेच पाय लपतात. घोट्याशी शेपटी सगळ्यात बारीक हवी, पर तिथून एकदम पसरू दे. परातले काटे बुडाशी जाड असतात आणि कडेकडे फाटे फुटत मऊ होत जातात, सिलिकॉन किंवा कापड तसंच पातळ करत न्या. फायटर माशासारखा झुलता पर दिसतो सुंदर, पण ते लांब पर माणसाने निवडून पैदास करून आणलेत, पोहताना ओढ फार बसते.

सुईदोरा:
खूप छान सांगितलंत दोघांनी, आडवाच करते. मग रंगाचं काय, माशाची पाठ गडद आणि पोट फिकं असतं ना?

मत्स्यवेडी:
हो, पोटऱ्यांची बाजू गडद, नडग्यांची फिकी. माशाच्या कुशीवरून जी बारीक रेघ जाते ना, ती बरोबर बाजूच्या शिवणीवर येऊ दे, शिवण लपेल.