भात सोडला की पाळी येते म्हणे!

मधली_सुट्टी

निरामय यांच्या 'गोळ्या बंद, पीसीओएस बंद' या लेखावर प्रतिसाद लिहायला बसले आणि तो इतका लांबला की वेगळा धागाच काढते. पीसीओएस म्हणजे बायकांच्या हार्मोन्सचा बिघाड, ज्यात पाळी बिघडते. लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: साखर, मैदा, दूध आणि भात कायमचे बंद. सकाळी अनशापोटी मेथीचं पाणी. सूर्यास्तानंतर तोंडाला कुलूप. तीन महिन्यांत पाळी सुरळीत. आणि शेवटी हे वाक्य: "ज्यांना जमत नाही त्यांची इच्छाशक्ती कमी पडते, आजाराला दोष देऊ नये."

हे वाक्य डोक्यात गेलं.

आहारानं फरक पडतो यावर वाद नाहीच. बहुतेकींच्या बाबतीत मुळाशी इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. रक्तात इन्सुलिन चढं राहिलं की अंडाशय अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखे पुरुषी हार्मोन) जास्त तयार करतं, शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं, यकृतात बनणारं एसएचबीजी हे प्रथिन घटतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मग हनुवटीवर केस, पाठीवर पुरळ, मानेवर काळपट पट्टा, पाळी लांबलेली. त्यामुळे दिवसभर गोड चहा, त्यात बुडवायला बिस्किटं आणि डब्यात नुसती पोळी-बटाटा, हे बदललं तर उपयोग होणारच. वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरलं तरी पुष्कळ जणींची पाळी सुधारते. इथवर निरामयताईंना पैकीच्या पैकी गुण.

पण दूध बंद कशासाठी? भात कायमचा बंद कशासाठी? २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं पीसीओएसची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत स्वच्छ म्हटलंय की कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. पोषक असावा आणि निभावता यावा, एवढंच. वजनावरून बायकांना हिणवणं थांबवा, हेही त्यात आहे. ते कुणी पुढे पाठवत नाही.

आणि गोळ्या बंद करणं हा खेळ नव्हे. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर आत जाड होत राहतं. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर तिथल्या कर्करोगाची शक्यता वाढते. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देऊन पाळी आणतात ती त्यासाठी. मेथीचं पाणी ते काम करत नाही.

राहता राहिली इच्छाशक्ती. मी शाळेपासून काडीपैलवान. पीसीओएस तरीही आहे. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता 'वजन उतरवा' लिहून दिलं होतं. कुठलं उतरवू, हाडांचं?

निरामय

एवढा मोठा धागा माझ्या नावानं काढल्याबद्दल आभार. मी 'बंद केल्या' लिहिलंय, 'बंद करा' नाही. फरक कळत असेल अशी आशा आहे. मला मेटफॉर्मिननं (इन्सुलिन रेझिस्टन्सवरची गोळी) सकाळ-संध्याकाळ पोट बिघडायचं, लोकलमध्ये उभं राहण्याची भीती वाटायची. तेव्हा तुमची मार्गदर्शक तत्त्वं कुठे होती? आहार बदलला आणि पाळी आली. हा माझ्या शरीरावरचा पुरावा आहे, कुणाच्या विद्यापीठाची परवानगी नको त्याला.

रात्रपाळी

निरामय, पोट बिघडतं म्हणून मेटफॉर्मिन बंद करावंच लागतं असं नाही. जेवणाबरोबर घ्यायचं, कमी मात्रेनं सुरुवात करायची, नाहीतर हळू विरघळणारी गोळी मागायची. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही चूक सांगणाऱ्यांची. वॉर्डात रोज बघते, औषध लिहायला वेळ असतो, समजवायला नसतो.

तिरफळ

बायकांच्या विषयात बोलू नये, पण मध्ये भाताला का ओढलंत? आमच्याकडे सकाळी पेज, दुपारी भात-आमटी, रात्री परत भात. आजी नव्वदीपार गेली, नऊ बाळंतपणं झाली. कुठला आलाय पीसीओएस! ही सगळी घाटावरच्यांची भाताशी जुनी दुश्मनी आहे.

सोलापुरी_दाणे

आला भातवाला! आजी पेज खाऊन दिवसभर चिखलात लावणी करत होती. तुम्ही तोच भात डोंगराएवढा वाढून घेऊन मालिका बघत बसता. आणि तिचा तांदूळ हातसडीचा किंवा उकडा असायचा, तुमचा मॉलमधला पांढराशुभ्र. तुलना करताना पूर्ण करा. ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगाची चटणी, मटकीची उसळ. यापुढे कुठला डाएट चार्ट टिकतो ते सांगा.

रात्रपाळी

तिरफळकाका, 'आजीला नव्हता' हे वाक्य प्रत्येक धाग्यावर येतं. स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी पीसीओएसचं वर्णन केलं १९३५ साली, तेही शिकागोत. तुमच्या गावात तेव्हा सोनोग्राफी कोण करत होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना हा त्रास असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांचं निदानच झालेलं नसतं. हे आजचं! आजीच्या काळात जिला मूल होत नसे तिच्यासाठी नवस बोलत, उपास करवत आणि मग नवरा दुसरी करून आणी. नऊ बाळंतपणं झालेल्या आजीचं सगळे सांगतात. तिच्या जावेचं कुणी सांगत नाही.

तिरफळ

जावेचा मुद्दा बिनतोड आहे, तो सोडून बोलतो. भाताचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

ओटीपोट

घ्या उत्तर. भात काय, भाकरी काय, दोन्हीत मुख्यत्वे पिष्टच. भाकरीत तंतू थोडे जास्त, म्हणून साखर जरा हळू चढते. पण गिरणीतून मैद्यासारखं बारीक पीठ आणून तीन भाकरी हाणल्या आणि सोबत चमचाभर भाजी घेतली तर ज्वारीचं पुण्य संपलं. नाचणीचंही तेच. लाडवात तूप-गूळ, सत्त्वात साखर, आणि नाव काय तर 'मिलेट'! २०२३ हे भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीच्या बिस्किटांची पाकिटं बघून मला हसू येतं. उलटून घटक वाचा, पहिला मैदा, दुसरी साखर.

माझी आहारतज्ज्ञ भात बंद करायला बोललीच नाही. तिनं क्रम बदलला. आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा अंडं किंवा मासा, शेवटी वाटीभर भात. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते, यावर प्रयोग झालेले आहेत. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चालायचं. कंटाळवाणं आहे, लेख होत नाही याचा.

सोलापुरी_दाणे

म्हणजे ज्वारी आणि भात एकच? धन्य. ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय ती उगीच नाही. आमच्याकडचं धान्य शहरातल्यांना आत्ता सापडलं आणि भाव असे चढलेत की पिकवणाऱ्याच्या घरी रेशनचा गहू. त्यावर काढा धागा.

तिरफळ

काढा, काढा. तोवर उकड्या तांदळाचं मान्य करा.

सोलापुरी_दाणे

उकड्याचं मान्य. पांढऱ्याचं मरेपर्यंत नाही.

डबेवाली

भात की भाकरी यावर दोन पुरुष इतक्या पोटतिडकीनं भांडताहेत, मौज वाटली. आता सांगा, भाकरी थापणार कोण? मला ६:१२ची कर्जत लोकल पकडायची असते. चार जणांच्या पोळ्या, दोन डबे, सासऱ्यांची पथ्याची खिचडी. त्यात माझ्यासाठी वेगळी उसळ म्हटलं की सासूबाई म्हणतात, "घरात दोन स्वयंपाक होणार नाहीत." मटकी भिजवून ठेवली तर त्या खोबरं-गूळ घालून सगळ्यांसाठी करतात आणि माझ्या वाट्याला रस्सा येतो. संकष्टीला साबुदाणा खिचडीला नाही म्हटलं तर चेहरा बघवत नाही. साबुदाणा म्हणजे कसाव्याचा निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावाला. त्यात दाण्याचा कूट पडतो तेवढाच आधार. राजगिरा, वरई, दही चालतं का विचारलं तर म्हणे, "आमच्यात असलं नाही."

निरामयताई, तुमच्या लेखात एक ओळ वाचली: 'मी माझं स्वतंत्र किचन केलं'. तिथेच समजले, हा लेख माझ्यासाठी नाही.

एकदाचा

कारणं, कारणं आणि कारणं. माझ्या बहिणीलाही हेच होतं. घरात सगळं पथ्याचं, बाहेर पाणीपुरी. जिभेवर ताबा नाही आणि मग हार्मोन्सच्या नावानं रडायचं. वजन कमी केलं असतं तर लग्नही

मधली_सुट्टी

'वजन कमी केलं असतं तर लग्नही'... पूर्ण करा ना वाक्य. इतकं बोललातच आहात.

डबेवाली

बहिणीची पाणीपुरी मोजणारे भाऊ घरोघरी आहेत. तिच्याबरोबर डॉक्टरकडे बसलेला एक दाखवा.

एकदाचा

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ओटीपोट

काढला प्रतिसाद, पण सगळ्यांनी वाचला. जाता जाता: पीसीओएस असलेल्या बायकांत नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळतं, आणि खाण्याच्या विकारांचंही. 'ताबा नाही' ऐकून ऐकून मी कॉलेजात दिवसभर उपाशी राहून रात्री फ्रिज रिकामा करायचे. त्या काळात वजनही वाढलं, पाळीही गेली. मला सावरलं ते वेळेवर पोटभर नाश्ता करण्यानं. दोन अंडी, एक भाकरी, काकडी. सूर्यास्ताचं कुलूप माझ्यासारखीला परवडत नाही.

निरामय

सगळे मिळून माझ्यावर तुटून पडलात. मी विकत काहीच नाही. बाकीच्यांसारखी डब्यातली पावडर नाही, सशुल्क ग्रुप नाही, 'बीज चक्र' नाही. आधी जवस-भोपळा, मग तीळ-सूर्यफूल, अर्धा महिना हे, अर्धा महिना ते. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. अनुभव लिहिणारीवर मात्र काढतात.

मधली_सुट्टी

बीज चक्राला पुरावा नाही, हे तुमच्याच प्रतिसादाखाली लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी धागा शोधायला नको. जवस, तीळ खावेत, तंतू आणि चांगलं तेल मिळतं. पण पाळीच्या तारखेप्रमाणे बी बदलल्यानं अंडाशयाला काही कळत नाही.

तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हटलेलंच नाही. तुमचं इन्सुलिन चढलेलं होतं, साखर-मैदा गेला, वजन उतरलं, पाळी आली. व्यवस्थित जुळतंय. त्यात दुधाचा आणि सूर्यास्ताचा वाटा किती हे तुम्हालाही सांगता येणार नाही, कारण सगळं एकदम बंद केलंत. आणि तुमची पाळी आली म्हणून डबेवालीची इच्छाशक्ती कमी ठरत नाही. ती पहाटे उठून चार जणांचं करते.

निरामय

बरं. लेखात वाढवते: 'पाळी तीन महिन्यांच्या वर लांबली तर आहाराच्या भरवशावर बसू नका, डॉक्टरांकडे जा. चालू औषध आपल्या मनानं थांबवू नका.' झालं समाधान?

मधली_सुट्टी

झालं. शेवटचं वाक्यही काढा.

निरामय

ते राहील. मला ते उपयोगी पडलं होतं.

रात्रपाळी

लेखात आणखी हेही घाला, की निदान करताना टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन तपासून घेतात, कारण त्यांच्या बिघाडानंही पाळी बिघडते. आणि साखरेची तपासणी. फक्त उपाशीपोटीची पुरत नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती. उपाशीपोटी सगळं छान आणि दोन तासांनी भलतंच, असं पुष्कळ दिसतं. बारीक असलात तरी करा.

काव्याची_आई

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगी पंधरा वर्षांची आहे. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते. सोनोग्राफीत 'पीसीओडी', म्हणजे पीसीओएसच, लिहून आलं. क्लासच्या बाईंनी सांगितलं की दूध आणि भात ताबडतोब बंद करा. वरचा लेख वाचून कालपासून दूध बंद केलंय. ती चिडचिड करते आहे. बरोबर केलं ना?

रात्रपाळी

ताई, दूध सुरू करा. तिचं हाडं भरण्याचं वय आहे. आणि पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या ८ वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं वर ज्यांचा उल्लेख झाला त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आहे. या वयात अंडाशयात बारीक पुटिका दिसणं नेहमीचं असतं. पाळी सुरू होऊन किती वर्षं झाली? चेहऱ्यावर दाट केस, खूप पुरळ आहे का? पाळी तीन महिन्यांच्या पुढे जाते का? हे घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. तोवर खेळायला पाठवा, रात्री वेळेवर झोपवा, डब्यातला नूडल्सचा वार कमी करा. वजनाबद्दल तिच्यासमोर चकार शब्द काढू नका.

काव्याची_आई

तीन वर्षं होत आली. केस वगैरे काही नाही. खूप बरं वाटलं. एकच विचारते, भात द्यायचा ना?

तिरफळ

द्यायचा!

सोलापुरी_दाणे

उकडा.

ओटीपोट

उसळ खाऊन झाल्यावर. आणि तुम्ही दोघं आता भाताचा वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडते.